हजेरी नसलेली शाळा

मला ऐकू कमी येतं, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. मुलगा कानाच्या डॉक्टरकडे नेतो म्हणून मागे लागला आहे. सून बिचारी माझ्याशी घसा ताणून बोलते, आणि नातू तर हाक मारण्याच्या फंदातच पडत नाही, थेट समोर येऊन उभा राहतो. माझे कान शाबूत आहेत. स्वयंपाकघरात दूध वर यायला लागलं की बाहेरच्या खोलीत मला आधी कळतं. पण पहिल्या हाकेला मी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. तिसरी येईपर्यंत थांबते. ही सवय मला याच माण गावात लागली, आणि तेव्हा मी नातवाएवढीच होते.

मुलाने इथे बाराव्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा म्हणाला, "आई, तुझ्या तर ओळखीचं गाव आहे." ओळखीचं कसलं! गॅलरीतून पाहिलं की काचेच्या इमारती, कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग, आणि पलीकडे डोंगराची एक ओळ. तेवढी ओळ पाहून मी अंदाज बांधते, की ओढा तिकडे असेल, उंबर इकडे असेल. मधे दोनचार भातखाचरं अजून उरली आहेत. भाद्रपदात भात पोटरीला आलं, लोंबी पोटात धरली की एक दुधाळ, ओला वास येतो. बाराव्या मजल्यावर तो यायला नको. पण येतो, आणि आला की मी गॅलरीचं दार लावून घेते.

सून नातवाला शाळेत घालत नाही. घरीच शिकवते. आमच्या नात्यातल्या बायकांनी यावर बरीच तोंडं वाजवली, पण मला त्यात काही नवल वाटलं नाही. फ्रिजच्या दारावर तिने आठवड्याचा कागद लावलेला असतो. एके दिवशी गोष्टीचं पुस्तक, एके दिवशी झाडांची पानं गोळा करायची, एके दिवशी चालू असलेला सण. या आठवड्यात पितृपंधरवडा आहे, म्हणून पोराला घराण्याचं झाड काढायला सांगितलंय. काल तो रंगीत खडू घेऊन समोर उभा राहिला. "आजी, तुला भावंडं किती?"

मी दोन बोटं वर केली आणि तशीच थांबले. साध्या प्रश्नाला आजी एवढी का अडली, हे काही त्याला कळलं नाही.

आमचं घर रावेतला, पवनेच्या काठी. आप्पा, म्हणजे माझे वडील, देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला जात. माझ्या आधी आईला तीन मुलं झाली, आणि तिन्ही बारशापर्यंतही टिकली नाहीत. त्यामुळे मी जन्मले तेव्हा सुईणीने पेढे-बिढे काही वाटू दिले नाहीत. ती म्हणाली, ही पोर तुमची आहे हे कुणाला कळूच द्यायचं नाही. मग मला सुपात घातलं आणि ते सूप उंबऱ्याबाहेर केराच्या ढिगाजवळ नेऊन ठेवलं. शेजारची मास्तरीणबाई ठरल्याप्रमाणे तिथून चालली आणि तिने विचारलं, "कुणाचं हाय गं हे?" आईने आतून सांगायचं असतं, "आमचं न्हाई. कुणी टाकलं ठावं न्हाई." आईने तसं सांगितलं. मास्तरीणबाईने मला उचललं, पदराखाली घेतलं, माझं झालं ते पोर म्हणून अंगणाला फेरी मारली. मग आईने मापटंभर कोंडा देऊन मला तिच्याकडून विकत घ्यायचं. विकतची पोर म्हटल्यावर जे कुणी माग काढत येतं ते फसतं आणि परत जातं, असा हिशेब. आमच्या बाजूला अशी विकतची माणसं पुष्कळ होती. कुणी कोंडाजी, कुणी केरू, कुणी दगडू.

पण फेरी पुरी होते न होते तोच मी असा टाहो फोडला की आईला धीर धरवला नाही. तिने मास्तरीणबाईच्या हातातून मला ओढून घेतलं आणि पदराखाली धरलं. कोंडा तसाच मापट्यात राहिला. नंतर देऊ म्हणता म्हणता राहूनच गेला. मास्तरीणबाई जाता-येता चेष्टा करायची, "माझी पोर सांभाळताय, मेहरबानी हां." आई हसायची, पण अर्धवटच.

मास्तरीणबाईचे यजमान रावेतच्या शाळेत मास्तर होते, म्हणून ती मास्तरीण. त्यांनीच तिला लिहाय-वाचायला शिकवलं होतं. ते अचानक वारले. मूलबाळ नव्हतं. ती पुस्तकांची पेटी आणि एक म्हैस घेऊन माहेरी, माणला, गावाबाहेरच्या घरात येऊन राहिली.

मी आठेक वर्षांची असताना आमच्या बाळाला, माझ्या पाठच्या भावाला, देवी आल्या. तेव्हा रोग म्हणायचं नाही, साथही म्हणायची नाही. घरी देवी आल्यात एवढंच म्हणायचं, तेही हळू आवाजात. दाराला कडुनिंबाची डहाळी लागली. चुलीवर फोडणी बंद झाली. आईने केस विंचरायचं सोडलं. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली ती उठेना, आणि तिने उंबरा ओलांडायचा नाही असा नेमच होता. मला आप्पांनी आदल्या साली दंडावर टोचून घेतलं होतं. पण आईचा भरवसा सुईवर नव्हता. काही दिवस गेले आणि एका सकाळी ती आप्पांना म्हणाली, "हिला मास्तरणीकडं सोडा. कोंडा द्यायचा राहिलाय ते बरंच झालं म्हनायचं. ती अजून तिचीच हाय. इथं शोधलं तर घावायची न्हाई."

आप्पा डेपोतले. त्यांच्या खाकी सदऱ्याला ग्रीसचा वास यायचा आणि असल्या गोष्टींना ते फार हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. होडीने नदी ओलांडली आणि पायवाटेने आम्ही चाललो. माणच्या शिवेवर, मास्तरणीच्या घरासमोर, एक मोठा उंबर होता. तिथेच ते थांबले, कारण देवी असलेल्या घरच्या माणसाने दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवायचा नसतो. मास्तरीण बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आप्पांना तिने लांबूनच विचारलं, "कुणाचं हाय हे?"

आप्पांनी मान खाली घातली. "आमचं नाही," म्हणाले.

रीत होती ती, मला ठाऊक होतं. तरी ते शब्द लागले. आजही लागतात. आप्पा मागे न बघता गेले, आणि त्यांच्या चपलांचा आवाज चिखलात विरेपर्यंत मी उंबराखाली उभी होते.

"हितं हायस तवर मला बय म्हनायचं," ती म्हणाली. बय म्हणजे आईच, आमच्याकडचा जुना शब्द. तिने माझा परकर-पोलका उलटा करून घालायला लावला, शिवण बाहेर. माझं नाव तिने घेतलं नाही, आणि मलाही घेऊ दिलं नाही. ते मी इथेही लिहीत नाही. म्हातारपणी उगाच कशाला विषाची परीक्षा.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन तयार झाले. देवळात शाळा भरायची, तिथून पोरांचे पाढे ऐकू येत होते. बयने पाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"शाळंत न्हाई जायाचं."

"का?"

"मास्तर हजेरी घेनार. नाव पुकारनार. तू हजर म्हननार." तिने पाटी पडवीतल्या कोनाड्यात ठेवली. "मग एवढं लपवून काय उपेग झाला? आपुन घरीच शाळा करू."

पितृपंधरवड्यातला, अमावास्येआधीचा तो आठवडा. तेवढी शाळा मला आयुष्यभर पुरली.

मास्तरांची पेटी उघडली की आधी कापूर, मग कडुनिंबाचा वाळका पाला, आणि त्याच्या खाली जुन्या कागदांचा गोडसर वास यायचा. आत वाचनाची पुस्तकं होती, पंचांगं होती आणि पुठ्ठा गेलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचं. देहूरोडच्या छावणीतल्या कुणा गोऱ्याने जाताना टाकून दिलेलं. बय शब्दाखाली बोट धरून वाचायची, सावकाश, आणि छान वाचायची. पण गोष्टीत कुणाचं नाव आलं की ती ते गाळायची. "अमक्या गावचा अमका राजा अमकीला म्हनाला," असं सगळं. मी विचारलं तर म्हणाली, "ह्या पंधरवड्यात भरल्या घरात नावं घ्यायची न्हाईत. ऐकनारे लई असत्यात." मी मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात फक्त धान्याची कणगी होती. मग मीही नावं गाळून वाचायला शिकले. राजा कोण, राणी कोण काही कळत नसे, तरी नावांवाचून गोष्ट अडायची नाही.

पंचांग हा वेगळा तास. आज कुठली तिथी, आणि गावात आज कुणाच्या श्राद्धाचं पान. मग आम्ही गल्लीतून चालत जायचो आणि वासावरून घर ओळखायचो. कढी, वडे, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. कौलांवर कावळे ओळीने बसलेले. कावळे मोजायचे, उडाले ते वजा करायचे, आले ते मिळवायचे. मी वजाबाकी अशी शिकले. एका घराच्या कौलावर पान कधीचं ठेवलेलं होतं, घरची माणसं हात जोडून खाली उभी होती, आणि कावळे भोवती बसून नुसते पाहत होते. "काय राहिलंय मनात?" घरचा म्हातारा वर बघून विचारत होता. "सांगा की, कुनाचं काय राहिलंय?" त्याला उत्तर कोण देणार? बयने माझा हात धरून मला तिथून पुढे नेलं.

दुपारी चिंचोक्यांवर हिशेब. एकदा तिने विचारलं, "तुमी भावंडं किती?"

"दोन. मी आनि बाळ."

"पुन्ना मोज."

मी पुन्हा दोन चिंचोके मांडले. तिने मुठीतून तीन काढले आणि माझ्या दोनांच्या शेजारी, थोडं अंतर सोडून, ठेवले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. पडवीत तेव्हा एकदम गार झालं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"त्यांची तिथ कदी असती?" मी विचारलं.

"त्यांना तिथ न्हाई. दात यायच्या आत गेलेल्याला पान वाढत न्हाईत. नावबी नसतं."

"मग ती काय खात्यात?"

बयने पाचही चिंचोके गोळा केले. मग म्हणाली, "ध्येनात ठेव पोरी. हाक आली तर लगीच ओ द्यायची न्हाई. तिसऱ्या हाकंला द्यायची. जित्या मानसाला तीनदा हाक मारता येती. त्यांला दोनदाच येती, तिसरीला दम पुरत न्हाई. आनि तू एकदा ओ दिलीस, की तू कुनाची ते त्यांला कळलं."

मी मान डोलावली. भीती वाटली, हे खरं. पण त्याहून अधिक मला त्या तिघांचं वाईट वाटलं. ती उपाशी होती आणि मी दुपारीच दोन भाकरी खाल्ल्या होत्या.

संध्याकाळी म्हशीला घेऊन आम्ही ओढ्याकडे जायचो, तो रानातला तास. बांधावर कारळा पिवळा झालेला असे, ओलाव्याला तेरडा, आणि चिखलात खेकड्यांची बिळं. बयच्या चित्रांच्या पुस्तकात पक्ष्यांची नावं इंग्रजीत होती आणि ती तिला वाचता येत नव्हती. चित्राखाली तिने आपली नावं लिहून ठेवली होती, आणि ओढ्यावर आम्ही ती ताडून बघायचो. वेडा राघू, खंड्या, भारद्वाज. म्हशीच्या पाठीवर एक काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी बसायचा. तो कोतवाल. एकदा तो शिकारी शिक्रा ओरडतो तसा ओरडला आणि गवतातल्या सगळ्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. मग तो मांजरासारखा बोलला. मी हसून हसून बेजार. बय हसली नाही.

"बघितलंस? आवाज कुनाचाबी काढता येतो," ती म्हणाली. "म्हनून आवाजाला ओ द्यायची न्हाई. मानसाला द्यायची."

मी तिला विचारलं होतं, आई आली तर? खरीखुरी आई आली तर? बयने पाण्यात पाय सोडले होते. ती म्हणाली, "ती आली तर समोर येऊन हुबी ऱ्हाईल की. आई कशाला लांबनं हाका मारंल?" रोज सकाळी जाग आली की मी आधी उंबराकडे बघायचे, आई तिथे येऊन उभी आहे का म्हणून. घरची एवढी आठवण मला पुढे सासरीही आली नाही.

अमावास्या आली. आमच्याकडे त्या दिवशी दोन सण एकत्र येतात. सर्वपित्री, म्हणजे ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचीही पानं, आणि बैलांचा भादवी पोळा. सकाळपासून ओढ्यावर बैल धूत होते. शिंगांना लावायच्या रंगाचा, हिंगुळाचा वास हवेत होता. लांबून घुंगुरमाळा वाजत होत्या. बयने मास्तरांसाठी पान वाढलं. आणि मग, मला न सांगता, तीन लहान द्रोणही भरले, दूधभाताचे. शास्त्रात बसत नाही ते. तिने बसवलं. सगळं घेऊन ती मागच्या अंगाने गोठ्याच्या कौलावर ठेवायला गेली.

मी पडवीत मातीचे बैल करत बसले होते. ऊन टिपेला आलं होतं. बैल मिरवायला गावात गेले असावेत, कारण घुंगरं थांबली. वारा पडला. समोरच्या खाचरात भात पोटरीला आलं होतं, तो दुधाळ वास नाकात दाटला, आणि बांधाच्या पलीकडून आईने मला हाक मारली.

आईचाच आवाज. माझ्या नावातलं शेवटचं अक्षर ती लांबवायची, आणि लांबवता लांबवता जरासं वर न्यायची. जेवायला बोलावताना अशीच हाक यायची. माझ्या हातातल्या बैलाची मान मोडली. अंगातलं सगळं उठून त्या आवाजाकडे निघालं. मी उभी राहिले. उंबराखाली कुणी नव्हतं. बांधावर कुणी नव्हतं.

दुसरी हाक जवळून आली, खाचराच्या अलीकडच्या काठावरून. जरा दमलेली. लांबून चालत आलेलं माणूस हाक मारतं तशी. मला वाटलं, बिचारी एवढी चालून आली आणि मी बोलत नाही. ओठांवर "आये" आलं होतं. मी परकराचा घोळ तोंडात कोंबला आणि दातांनी धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिसऱ्या हाकेची वाट बघत होते. देवा, मार गं तिसरी, मार एकदा, मी धावत येते. भाताचं एक पातं हलत नव्हतं.

तिसरी आली नाही.

मग गोठ्यामागे कावळ्यांचा एकच गलका झाला. सकाळपासून एकही फिरकला नव्हता. बय परत आली. परकराचा ओला घोळ अजून माझ्या तोंडात होता. तिने एकच विचारलं, "किती?"

मी दोन बोटं दाखवली. ती माझ्या शेजारी मटकन बसली, मला जवळ ओढलं, आणि तिचं काळीज किती जोरात उडत होतं ते मला माझ्या गालाला लागत होतं. "मला काय बी ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "हितंच हुते मी."

दुसऱ्या दिवशी घट बसायच्या वेळेला आप्पा आले. उंबराखालीच उभे राहिले. बाळाच्या खपल्या धरल्या होत्या, तो वाचला होता. पण आईला ताप भरला होता.

"कदीपास्नं?" बयने विचारलं.

"काल दुपारपासून."

बयने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. आप्पांना आम्ही काही सांगितलं नाही.

मी माणलाच राहिले. नवरात्र गेलं, भात कापलं, दिवाळीचे दिवे मी बयच्या पडवीत लावले. शाळा चालूच होती, पण त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की मी सारखी रावेतच्या दिशेला कान लावून असायचे, आणि आई आहे का गेली हे विचारायची हिंमत होत नव्हती. दिवाळीनंतर आप्पा आले ते थेट अंगणात आले, आणि आईने मला बोलावलंय म्हणाले. तेव्हा मला कळलं, की ती आहे.

बय मला घेऊन रावेतला आली. आई उंबऱ्यात बसली होती. तिचा चेहरा पार बदलला होता, सगळीकडे खड्डे, आणि डोळे दोन्ही पांढरे. तिला दिसत नव्हतं. मला रडू आलं ते मी दाबलं. बयने मला आमच्याच केराच्या ढिगाशी उभं केलं, माझा एक पाय सुपात ठेवायला लावला, कारण सुपात मावायचं वय गेलं होतं, आणि मोठ्याने म्हणाली, "पोर विकायची हाय. घेता का?" आप्पांनी कोंड्याचं मापटं आईच्या हातात दिलं. ती चाचपडत उठली. कोंडा सुपात कमी आणि बयच्या हातांवर, पायांवर, माझ्या केसांवर जास्त पडला. बय शिंकली. मग आई हसली, आप्पा हसले, आणि हसता हसता बय अशी रडायला लागली की तिला आवरताना आम्हाला नाकी नऊ आले. ती एकटीच माणला परत गेली. सुपातला कोंडा तिने म्हशीला घातला असणार.

आईला मी काही विचारलं नाही. पोरपणी धीर झाला नाही, आणि पुढे विषय निघेल असं काही बोलणंच होत नसे. ती आंधळेपणी सगळं करायची. तांदूळ निवडायची, नुसत्या वासावरून भाकर उलटायची. हाक मारायची तेव्हा मात्र सलग तीनदा मारायची, मधे दमही न घेता. मला वाटायचं, बयने तिला सगळं सांगितलं असेल.

काल नातवाचं झाड पुरं झालं. माझ्या ओळीत त्याने पाच पानं काढली, तीन बिननावाची. त्याच्या आईने विचारलं ही कुणाची, तर म्हणाला, आजीने सांगितलंय. तिने मला काही विचारलं नाही. शहाणी आहे. खाली गेली तेव्हा दूधभाताचा द्रोण घेऊन गेली, आणि परत आल्यावर म्हणाली, "आई, इथे कावळेच नाहीत हो." रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आईचं एक जुनं बोलणं आठवत राहिलं.

माझी पहिली मुलगी रावेतलाच झाली. अंघोळ झाली, शेगडी झाली, ओव्याच्या धुरीने खोली भरली होती. आई पायांवर नातीला घेऊन बसली होती आणि बोटांनी तिचं नाक, कान, भुवया बघत होती. तेव्हा मी विचारलं.

"आये, मी माणला हुते, त्या अमुश्येला तू आलीवतीस का गं तिकडं?"

"म्या?" तिची बोटं थांबली. "म्या कशी येनार? बाळ मांडीवर हुतं. उंबरा तरी वलांडता येत हुता का?" बोटं पुन्हा फिरायला लागली. "तूच आलीवतीस की."

"मी न्हाई आले."

"परसातनं हाक मारलीस मला. दुपारचीच. आये म्हनून. भ्यालेली वाटलीस."

धुरीतला निखारा तडकला. "किती येळा मारली?"

"एकदाच."

"मग? तुला म्हाईत हुतं ना, तीन हाका होईस्तवर बोलायचं न्हाई ते? तूच तर मला धाडलंवतंस."

"म्हाईत हुतं की." तिने माझ्या मुलीला उचलून खांद्याशी धरलं आणि पाठीवर थोपटायला लागली. "पन लेकरानं हाक मारल्यावर आई काय मोजत बसती व्हय? म्या ओ दिली."